कापू?

१४ ऑक्टोबर

नर्सबाईस,

आशीर्वाद वगैरे समजून घे, मला कामं आहेत.

तुझ्या नवऱ्याचा पक्षी झालाय. हे वाक्य मी खोडून बघितलं आणि परत तेच लिहिलं, कारण दुसरं कसं लिहायचं मला येत नाही. चौथीत शाळा सुटली माझी. तुला माहीत आहे, एकदा त्यावरून हसलीही होतीस. तर पक्षी. बगळा नाही, बगळ्याहून दांडगा. समोरच्या दुकानातला चष्मेवाला म्हणतो करकोचा आहे, त्याच्याकडे चित्रांचं पुस्तक आहे. असेल.

रडारड करू नकोस. मी केली नाही.

कसं झालं ते सांगते. आधी त्यानं बसणं सोडलं. चहा उभ्यानं, जेवण उभ्यानं. म्हटलं पाठ धरली असेल, कापड कापणाऱ्याची धरतेच. मग स्वतःच्या शर्टांच्या कॉलरी उंच करून घेतल्या. म्हटलं या वयात फॅशन सुचली. मग विजारी उसवून पार नळीसारख्या अरुंद केल्या. तेव्हाही मी काही बोलले नाही. बॅण्डवाल्यांच्या कोटांचं काम अंगावर होतं आणि त्याचा हात चालत होता, मग बाकी काय करायचंय? बोलणं त्याचं मुळातच कमी. ते नेमकं कधी बंद झालं विचारशील तर मला सांगता येणार नाही.

परवा सकाळी शटर वर केलं तर कटिंगच्या टेबलावर हा उभा. राखाडी अंग, काळी मान, कानामागं पांढरे तुरे. गळ्यात टेप. शेजारी स्टुलावर शर्ट आणि विजार, घडी घालून, शर्टाची बटणं लावून. तशी घडी या गावात दुसऱ्या कोणाला जमत नाही.

मी म्हटलं, "हे काय?" त्यानं मान खाली घातली. तू चिडलीस की घालायचा ना, तशीच.

चष्मेवाला म्हणाला, "ताई, पेपरवाल्यांना बोलावू का?" म्हटलं, "बोलाव. आणि मग तुझ्या काचा गोळा करायला केरसुणीही आण." तेव्हापासून गप्प आहे. बरा माणूस आहे, फक्त त्याला सगळ्याचा उत्सव करायला आवडतो.

तुला कळवणं माझं काम होतं, कळवलं. यायची गरज नाही. तू नोकरीवर निघालीस तेव्हा, हा सीझन उरकला की येतो, असं तो तुला म्हणाला होता. त्यानंतर किती सीझन उरकले ते तू मोजले असशील, मी मोजत बसले नाही. ऑर्डर आली तर घ्यायला नको का? बॅण्डचे कोट मी घेतले. त्याला विचारलं नाही. त्यात विचारायचं काय, दुकान दोघांचं आहे.

नणंद


२ नोव्हेंबर

नर्सबाईस,

पत्र पोचलं. "वन्सं, दुसरी कोणी असेल तर सरळ सांगा, पाखराच्या गोष्टी नका सांगू." अगं, दुसरी कोणी करायला माणूस घराबाहेर तरी पडावा लागतो.

खूण मागितलीस म्हणून लिहिते.

जमिनीवर पडलेल्या टाचण्या चोचीनं उचलतो आणि डबीत टाकतो. वाकड्या वेगळ्या ठेवतो. मी कधी ठेवल्या नाहीत. तू तर टाचण्या पायात रुतेपर्यंत बघायची नाहीस.

मागच्या आठवड्यात पोस्टातला कारकून ट्रायलला आला. हा टेबलावरून उतरला, त्याच्याभोवती सावकाश फिरला आणि डाव्या खांद्यावर चोच मारली.

"बाई, हे काय पाळलंय?"

"मास्तर आहेत."

"कोण मास्तर?"

"आपले मास्तर. डावा खांदा उतरलाय तुमचा. आत पॅड घालावं लागेल म्हणतायत."

तो हसला, आरशात बघितलं आणि मग हसला नाही. पुढचा सगळा वेळ ताठ उभा होता, मास्तरांपुढं उभं राहायचं तसा.

अजून एक लिहिते, मग मात्र मला खूण मागू नकोस. तुझ्या पहिल्या कोटासाठी त्यानं कापूस भरून तुझ्या मापाचा पुतळा केला होता, आठवतो? तू गेल्यावर मी तो माळ्यावर टाकला होता. त्यानं कधी खाली आणला मला माहीत नाही, कापडाच्या ताग्यांमागं उभा होता. झोपताना हा त्या पुतळ्याशेजारी एका पायावर उभा राहतो आणि मान त्याच्या खांद्यावर टाकतो. पुतळ्याला डोकं नाही, त्यामुळे दोघांचं बरं जमत असावं. ही थट्टा आहे. मी ती त्याच्यासमोर केली नाही.

दुकानाची रीतही विसरलेला नाही. मी कात्री उचलून "कापू?" म्हटलं की येतो, कापड न्याहाळतो आणि टेबलावर चोचीनं टक करतो. टक म्हणजे काप. तू लग्न होऊन आलीस तेव्हा या रीतीला हसली होतीस. मग तुला सांगितलं की आमच्या वडिलांनी एकदा मखमलीचा कोट शिवताना एक बाही उलट्या लवेनं, म्हणजे मखमलीचे बारीक केस भलत्या बाजूला झुकतील अशी, कापली होती. नवरदेव दिव्याखाली उभा राहिला तर कोट एका रंगाचा आणि बाही दुसऱ्याच. त्या दिवसापासून ज्याच्या हातात कात्री त्यानं विचारायचं, कापू? दुसऱ्यानं उठून यायचं, कापडावरून हात फिरवायचा आणि मगच म्हणायचं, काप. मग तूच यायला लागलीस हात फिरवायला. हात हलका होता तुझा, ते मान्य करायला हवं.

तू गेल्यावर तो विचारायचा आणि मी मशीनवरूनच म्हणायचे, काप. दर वेळी उठून कोण जातंय.

नणंद


१६ नोव्हेंबर

नर्सबाईस,

हे पत्र नीट वाच. उभ्या उभ्या वाचू नकोस.

काल दुपारी मशीन चालू होतं म्हणून मला आधी ऐकू आलं नाही, त्याला आलं. टेबलावर मान वर करून उभा राहिला, ताठ, टाचणीसारखा. मी मशीन थांबवलं. वरून आवाज येत होता, जुन्या दाराची बिजागरी करकरावी तसा, पण लांबवर पसरलेला. बाहेर जाऊन बघितलं तर रांगच्या रांग चाललेली आभाळात, याच्यासारख्यांची. रस्ता वर बघत थांबला होता. आणि आतून यानं साद दिली. अगं, तो माणूस, ज्याला गिऱ्हाईक पळालं तरी हाक मारता यायची नाही! सगळी गल्ली हादरली.

मग उडाला आणि शोकेसच्या काचेवर आदळला. काच गेली. छातीला लागलं, रक्त बॅण्डच्या कोटांना लावायच्या पांढऱ्या पायपिंगवर. मी त्याला शालीत गुंडाळून धरलं तर अंग असं धडधडत होतं की मशीन सुरू राहिलंय की काय वाटावं. जखम वरवरची आहे. हळद लावली. आता पायाला नाडी बांधून मशीनच्या पायाशी अडकवलंय. लांब ठेवलीय, टेबलापर्यंत येता येतं.

कोपऱ्यावरच्या कोंबडीवाल्याला बोलावलं. तो म्हणाला, एका पंखाची मोठी पिसं कापायची, नखं कापल्यासारखं असतं, दुखत नाही. वर्षभरात परत येतात, तेव्हा परत कापायची. उडायला गेला की कलंडतो आणि मग आपणच नाद सोडतो. कलंडतो हा शब्द मला आवडला नाही, पण उपाय पटला.

वडिलांची मोठी कात्री घेतली. पंख हातात धरला. आणि सवयीनं तोंडातून गेलं, कापू?

कोंबडीवाला म्हणाला, "कापा की, त्यात काय!"

त्याचा काय संबंध? मी त्याला चहा पाजला आणि घालवला.

म्हणून तुला विचारते. नवरा तुझा आहे, कागदावर अजूनही आहे. एक शब्द कळव. काप म्हण नाहीतर नको म्हण. चष्मेवाल्याच्या पुस्तकात लिहिलंय की हे थवे दक्षिणेला जातात आणि थंडी जमेपर्यंत एकामागून एक जातच राहतात. तेवढी सवड आहे.

माझं मत मी सांगत नाही. फक्त एवढंच, की कापलं तर राहील. इथं छप्पर आहे, दाणापाणी आहे, काम आहे. बाहेर काय आहे? पन्नाशी आली तरी त्याला बाजारापलीकडं जायची कधी गरज पडली नाही. मी पडू दिली नाही.

लवकर लिही.

नणंद


३ डिसेंबर

अगं,

तुझं उत्तर आलं. "आजवर तुम्हीच ठरवलंत, हेही तुम्हीच ठरवा." एवढंच? एवढ्यासाठी पाकीट वाया घालवलंस?

मी ते पत्र टेबलावर टाकलं आणि म्हटलं ठीक. ठरवलं. कापायचं.

पण आधी बॅण्डचा शेवटचा कोट उरकायचा होता. त्याची कॉलर मखमलीची. मी आयुष्यभर मशीन चालवलं, कात्री त्याची. आता मलाच कापायला लागत होतं. कापड अंथरलं, खडूनं आखलं आणि विचारलं, कापू? तो आला. टक केलं नाही. मान वाकडी करून बघितलं, मग कापडाचा कोपरा चोचीत धरला आणि ओढायला लागला. म्हटलं खेळतोय. हाकललं. परत आला, परत कोपरा ओढला. मग मी हात फिरवला. लव उलटी होती. वडिलांचीच चूक मी करत होते, तीही लख्ख दिव्याखाली. कापड फिरवलं तेव्हा टक.

दुसऱ्या दिवशी बॅण्डमास्तर कोट न्यायला आला. "मास्तर कुठंयत?" म्हटलं, "बाहेर गेलेत." तो म्हणाला, "मास्तर आणि बाहेर?" आणि मोठ्यानं हसला. हा टेबलामागं उभा होता. बॅण्डमास्तर जाता जाता त्याच्या ओळखीच्या शाळेच्या गणवेशांच्या ऑर्डरचं बोलला. मी हो म्हटलं.

दुपारी आभाळात परत ती बिजागरी वाजायला लागली. लांब होती अजून. मी दार लावून घेतलं आणि कात्री उचलली.

आता हे जसं झालं तसं लिहिते, तुझा विश्वास बसो न बसो. मला त्याला धरावं लागलं नाही. तो स्वतःच टेबलाशी आला, पायाची नाडी ओढत. उजवा पंख उघडला आणि टेबलावर अंथरला. कापड अंथरतो तसा, कडा टेबलाच्या कडेला समांतर. एक पीस दुमडलं होतं, ते चोचीनं सरळ केलं. आणि उभा राहिला, माझ्याकडं न बघता.

मी विचारलं, "कापू?"

टक.

लगेच. बघितलं नाही, मान वाकडी केली नाही. बॅण्डवाल्याच्या वीतभर कॉलरीसाठी माझ्याशी भांडला, आणि स्वतःच्या पंखाकडं एक नजरही टाकली नाही.

मला काय झालं ठाऊक नाही. कात्री खाली ठेवली आणि मी हात फिरवला. दुसरं कोणी नव्हतं ना फिरवायला. तुला सांगते, तुझ्या हातानं बघायला हवं होतंस. सगळ्या पिसांची लव एकाच बाजूला. बाहेरच्या. आतल्या बाजूला एक पीस म्हणून वळलेलं नाही.

मग कात्री उचलली आणि नाडी कापली. ती कापताना कोणाला विचारलं नाही.

दार उघडलं. तो जाईना. पंख मिटून उभा, जसं काही मी अजून एखादं काम सांगेन. हुश्श म्हटलं, फूटपट्टीनं टेबल बडवलं, तरी हलेना. आवाज डोक्यावर आला होता. मग मी म्हटलं, "जा की. सीझन संपला."

तेव्हा माझ्याकडं बघितलं. गणवेशांची ऑर्डर त्यानं ऐकलेली होती, म्हणजे मी खोटं बोलतेय हे त्याला कळत होतं. तरी गेला. उंबऱ्यापर्यंत चालत, मग दोन उड्या, मग वर. पार चष्मेवाल्याच्या पाटीवरून. चष्मेवाला रस्त्यात उभा राहून टाळ्या वाजवत होता, खुळा. मी त्याला काही बोलले नाही.

गळ्यातला टेप त्यानं टेबलावर काढून ठेवलाय. केव्हा काढला, मी बघितलं नाही.

दक्षिणेला म्हणजे तुझ्याकडंच. पण आभाळातून त्याला तुझं रुग्णालय कोणतं हे काय कळणार? पत्ता वाचून कधी कुठं गेलेला नाही तो. म्हणून तुझा पुतळा पार्सलनं पाठवतेय. गच्चीवर ठेव, उंचावर, लांबून दिसेल असा. पावसाचा भरवसा नाही, वरून प्लास्टिक घाल. पण खांदे उघडे ठेव.

नणंद


९ जानेवारी

पुतळा पोचला का तेवढं तरी कळव. पार्सलवाल्यानं विचारलं आत काय आहे, म्हटलं बाई आहे. त्यानं परत वजन केलं.

इथं ठीक. काच नवीन बसवली. गणवेश मीच कापते. कात्री उचलली की कापू म्हणून जातं तोंडातून, मग थांबते, स्वतःच टेबलाला वळसा घालून पलीकडं जाते, हात फिरवते, परत इकडं येते. काम मागं पडतं. पडू दे.


२६ फेब्रुवारी

अगं बाई,

तुझं पत्र मी चष्मेवाल्याकडून वाचून घेतलं. अक्षर तुझं दवाखान्यातल्या चिठ्ठीसारखं. त्याला रडायला आलं, म्हणून शेवटचं पान मीच वाचलं, वेळ लागला पण वाचलं.

आला म्हणतेस. रुग्णालयामागच्या तळ्यावर थवा उतरला, आणि एक जण उठून गच्चीवर आला आणि पुतळ्याशेजारी उभा राहिला. तुझ्या कोटाची उसवलेली बाही चोचीनं ओढत राहिला, तू ती शिवेपर्यंत. मग तोच. मला आता खूण नको.

सगळा हिवाळा तो तुझ्याजवळ होता हे वाचलं. ड्यूटी संपली की तू गच्चीवर चहा घेऊन बसायचीस आणि बोलत राहायचीस, तो ऐकायचा. लग्नात नाही ऐकलं एवढं आता ऐकतो, असं लिहिलंयस. तुला मी हसताना डोळ्यांसमोर आणलं. फार दिवसांनी आणलं.

आता तळ्यावरचे पक्षी परत उत्तरेला निघायची चुळबुळ करतायत, आणि तू लिहितेस, "वन्सं, इतकी वर्षं वाट बघितल्यावर तो आलाय, आता मी त्याला जाऊ देणार नाही. कात्री माझ्याकडंही आहे, तुमच्यापेक्षा धारदार. कापू?"

तुझा हक्क मी नाकारत नाही. माझ्यापेक्षा तो जास्त आहे.

पण एक ऐक. कात्री दिसली की तो आपण होऊन पंख पसरेल. तू विचारशील आणि तो लगेच टक करेल. ते धरू नकोस. त्यानं जन्मात कोणाला नाही म्हटलेलं नाही. मला नाही, तुला नाही, बॅण्डवाल्याला नाही. तुला येतो म्हणाला आणि मला राहतो म्हणाला, आणि दोन्ही खरंच म्हणाला. अशा माणसाचं हो म्हणजे हो नसतं. हे मला कसं कळलं ते तोंडानं सांगेन, कागदावर मला जमत नाही.

आणि दुसरं. तू मला विचारलंयस. रीत तुला पाठ आहे. हात फिरवल्याशिवाय दुसऱ्यानं काही म्हणायचं नाही. मशीनवरून ओरडून सांगायचं मी सोडलंय. म्हणून मी येतेय.

गणवेशवाला पुढच्या वर्षाचं विचारायला आला होता. नाही म्हटलं. त्याला थट्टा वाटली, तो हसत उभा राहिला, मग माझ्या हातातलं कुलूप बघितलं. शटर पाडलंय. किल्ली चष्मेवाल्याकडं. तो स्टेशनापर्यंत येणार आहे पिशवी धरायला, नको म्हटलं तरी. एवढ्या लांब मी कधी गेले नाही, पण गाडी नेते म्हणतात, आपण फक्त बसायचं असतं.

मी पोचेपर्यंत कात्री कपाटात ठेव आणि त्याला दिसू देऊ नकोस. मी यायच्या आधी थवा उठला आणि तोही उठला, तर उठू दे. तू एकटीनं हात फिरवून बघ, लव कुठल्या बाजूला आहे ते. तुझा हात हलका आहे, तुला लगेच कळेल. गेला तर गेला. पुतळा आत आणू नकोस, पुढच्या हिवाळ्याला लागेल. मी त्याच्या शेजारी बसेन, तू चहा घेऊन ये.

टेप सोबत आणतेय. तुझं माप बदललं असेल.

उत्तर इथं टाकू नकोस, घ्यायला कोणी नाही.

तुझी वन्सं